बिनवायरचं बटण

मी बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे, पंख्याचंही नव्हे. मोठ्या रस्त्यावर पांढरे पट्टे असतात, पट्ट्यांपाशी खांब असतो आणि खांबाच्या छातीवर एक पिवळी डबी असते. त्या डबीतलं गोल, लाल बटण म्हणजे मी. माझ्या डोक्यावर पाटी आहे: ‘रस्ता ओलांडण्यासाठी बटण दाबून वाट पाहा.’ लोकांनी मला दाबलं आणि वाटही पाहिली. दोन्ही कामं त्यांनी वर्षानुवर्षं इमानेइतबारे केली.

आता माझं बरं चाललंय. मोबाईलवर मला लाखो लोकांनी पाहिलंय, त्यामुळे बोलण्यात थोडी मिजास डोकावली तर सांभाळून घ्या. तुम्हीही एकदा धाडकन पडून, कुणाच्या तरी पिशवीतून फिरून, पुन्हा मानानं आपल्या जागेवर चढून बघा, म्हणजे कळेल.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून निघालो, रंग चढला, स्प्रिंग बसली आणि तपासणीच्या टेबलावर आलो. तिथे एक बाई बसायच्या. प्रत्येक बटणाला पाठीमागून दोन चिमटे लावायच्या, दाबायच्या, समोरचा दिवा लागला की ‘जा आता’ म्हणून खोक्यात टाकायच्या. माझ्या वेळी दिवा असा लख्ख लागला, की मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. पुढे कितीतरी वर्षं माझ्यामुळे दुसरा दिवा लागणार नाही, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

या खांबावर मला बसवलं ते घाईगर्दीत. रस्ता नुकताच रुंद झाला होता आणि पायी चालणाऱ्यांसाठी केलेल्या या नव्या सोयीचं उद्घाटन करायला बडे पाहुणे येणार होते. फिटरनं भोकं पाडली, मला स्क्रूनं आवळलं आणि मग तो इकडेतिकडे शोधायला लागला.

“साहेब, वायरचं बंडल आलंच नाही.”

“पाहुणे गाडीतून उतरतायत आणि तू वायर काय मागतोस? आज नुसतं बसव. वायर उद्या टाकू.”

मग त्यांनी एक शक्कल लढवली. जवळच्या लोखंडी पेटीमागे एका माणसाला उकिडवं बसवलं. पाहुण्यांनी फीत कापली, ऐटीत मला दाबलं, आणि त्याच क्षणी पेटीमागच्या माणसानं आतला खटका ओढला. लाल दिवा लागला, गाड्या थांबल्या, टाळ्या पडल्या. पाहुणे हात हलवत पलीकडे गेले. फोटोत मी ठळक आलोय म्हणे. कार्यक्रम आटोपल्यावर पेटीमागचा माणूस गुडघे चोळत उठला, दिवा लुकलुकत्या पिवळ्यावर ठेवला आणि घरी गेला.

तो ‘उद्या’ काही उजाडला नाही. फिटरला दुसऱ्या रस्त्यावर पाठवलं, साहेबांची बदली झाली, कागदावर काम पूर्ण झालं. माझ्या पाठीमागे खांबात एक भोक होतं आणि भोकात नुसता अंधार. वर पिवळा दिवा आपला लुकलुकत राहिला. त्याचा अर्थ ‘सावकाश जा’ असा असतो, पण तो अर्थ माहीत असलेला वाहनचालक त्या रस्त्यानं गेल्याचं मला तरी आठवत नाही.

तरी लोक दाबायचे. माणसाची श्रद्धा मोठी चिवट असते बघा. काहीजण बोटाच्या टोकानं, मला दुखेल की काय अशा बेतानं दाबायचे. कामावर निघालेले लोक आधीच्या माणसानं मला दाबलेलं डोळ्यांनी पाहायचे आणि तरीही पुढे होऊन स्वतः दाबायचे. दुसऱ्यानं दाबलेलं माणसाला पटत नाही. नवीन प्रेमात पडलेली जोडपी दाबायची आणि कशासाठी दाबलं तेच विसरायची. एक आजोबा मला दाबून दरवेळी ‘चल रे बाबा’ म्हणायचे, जणू मीच त्यांच्यासोबत पलीकडे जाणार होतो. योगायोगानं गाड्यांच्या रांगेत फट पडली, की सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत पळत सुटायचे. काही न करता शाबासकी मिळवण्यात मी चांगला मुरलो होतो. कधी माझ्यावर भाड्याच्या खोलीची जाहिरात चिकटली, कधी कुणी च्युइंगम लावून ठेवलं. मी ढिम्म बसून असायचो.

एका माणसापुढे मात्र माझी मान खाली गेली.

ते बसड्रायव्हर होते. घरी बसले होते ते वयामुळे नव्हे, आजारामुळे. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. हातात काठी असायची आणि उजवा पाय ओढत टाकायचे. रस्त्याच्या पलीकडे एक व्यायामोपचार केंद्र आहे. रोज सकाळी तिथे जाऊन हातपाय हलवून घ्या, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. बस अलीकडच्या थांब्यावर सोडायची, केंद्र पलीकडे, मधे हा रस्ता. याच रस्त्यावर त्यांनी उभी हयात बस चालवली होती.

सोबत त्यांची मुलगी यायची. कॉलेजात शिकणारी, एका जागी म्हणून पाय ठरत नसे. बाप तिला भिंगरी म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणतो.

पहिल्या दिवशी ते म्हणाले, “थांब, मी दाबतो. उजव्या हातानं दाबायचं, तेवढाच व्यायाम.”

तो हात हळूहळू वर आला. बोटं सरळ होईनात. शेवटी घामाघूम होऊन त्यांनी मुठीच्या कडेनं मला दाबलं आणि आशेनं रस्त्याकडे पाहिलं. गाड्या आपल्या चालल्याच होत्या.

“वेळ लागत असेल, बाबा,” भिंगरी म्हणाली.

“लागू दे की. आपल्याला कुठं पुढची फेरी गाठायचीय?”

त्यांनी पुन्हा दाबलं. एवढ्या कष्टानं हात उचलणाऱ्या माणसाच्या तोंडाला पानं पुसायची, हे मला फार लागलं. त्या दिवशी मला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली.

शेवटी भिंगरीच हात आडवा करत, गाड्यांवर ओरडत बापाला पलीकडे न्यायची. पण नेमकी त्याच वेळेला तिची कॉलेजची प्रॅक्टिकलं असायची. आई सकाळच्या पाळीला कामावर जायची. घरात तिसरं कुणी नव्हतं. रोज एक प्रॅक्टिकल बुडत होतं, आणि ते बापाच्या मनाला खात होतं.

एकदा त्यांनी हट्टच धरला. बसमधून उतरल्या उतरल्या तिला कॉलेजला पिटाळलं आणि एकटेच माझ्यापाशी आले. दाबलं, थांबले, फट बघून निघाले. अर्ध्यात पोचतात तोच एक टेंपो कर्कश हॉर्न देत अंगावर आला. टेंपोवाल्यानं चाक वळवलं म्हणून निभावलं, पण काठी सुटली आणि ते भर रस्त्यात बसले. लोकांनी उचलून परत आणलं. कोपर सोलवटलं होतं. फोन गेल्यावर भिंगरी धापा टाकत आली.

“संपलं,” ते म्हणाले. “उद्यापासून मी येत नाही. घरीच काय ते हातपाय हलवीन.”

“घरी तुम्ही टीव्ही बघता. डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात? आता हात सोडला तर तो कायमचा गेला.”

“आणि तुझी प्रॅक्टिकलं? सर परीक्षेला बसू देणार नाहीत.”

“नाही तर नाही.”

“वा! म्हणजे माझा हात चालावा म्हणून तुझं वर्ष वाया घालवू?”

बापाचा हात वाचवायचा की लेकीचं वर्ष, असा प्रश्न होता, आणि तो सोडवायला फक्त एक लाल दिवा लागायला हवा होता.

भिंगरीनं आधी सरळ मार्गानं जाऊन पाहिलं. रस्ते विभागाकडे तक्रार केली. उत्तर आलं ते तिनं माझ्यासमोर उभं राहून मोठ्यानं वाचलं. ‘सदर बटण सुस्थितीत असून नागरिकांनी संयम बाळगावा.’

“संयम!” ती माझ्यावरच डाफरली. “तूच सांग, अजून किती बाळगू?”

तिनं मोबाईल काढला, एका हातानं मला दाबलं, दुसऱ्या हातानं सगळं टिपलं आणि वर तावातावानं एक लांबलचक भाषण ठोकलं. ‘दाबून बघा’ नावाचं खातं उघडून तिनं तो व्हिडिओ टाकला. त्याला दाद मिळाली ती तिच्या आत्याची आणि एका गाद्यांच्या दुकानाची. आत्यानं लिहिलं होतं, ‘छान. नखं काप.’

दुसऱ्या दिवशी ती दोन मित्रांना घेऊन आली. एक चष्मिस. ही मुलगी बोलायची कमी आणि बघायची जास्त. दुसरा लंबू. उंच, दिलदार आणि कमालीचा विसरभोळा.

“तू ओरडतेस फार,” चष्मिस म्हणाली. “भाषण काढून टाक. एक हात, बटण आणि न थांबणाऱ्या गाड्या, एवढंच दाखव. रोज नवा माणूस, नवा हात. चेहरा कुणाचाच नको.”

“चेहरा का नको?” लंबूनं विचारलं. त्याला स्वतःचा चेहरा आवडायचा.

“म्हणजे बघणाऱ्याला तो आपलाच हात वाटेल.”

पोरगी हुशार निघाली. त्या दिवसापासून रोज एक हात. पिठानं माखलेला पाववाल्याचा हात. पाळी संपवून निघालेल्या नर्सचा, घड्याळाचा पट्टा सैल झालेला हात. रंगाऱ्याचा निळा हात. बापाच्या खांद्यावर बसलेल्या बाळाची गुबगुबीत मूठ. आणि मधूनमधून भिंगरीच्या बाबांचा थरथरत वर येणारा हात. खाली एकच ओळ असायची: ‘आज दाबलं. काही झालं नाही.’

ही ओळ लोकांनी डोक्यावर घेतली. लोक माझ्याशेजारी उभे राहून मलाच मोबाईलमध्ये बघायला लागले. मी इथं हाताच्या अंतरावर, आणि यांचे डोळे पडद्यावर! पण तक्रार नाही. कुणीतरी माझ्यावरचं च्युइंगम खरवडून काढलं. कुणी जाहिराती सोलल्या. दुसऱ्या गावांतली पोरं आपापल्या रस्त्यावरची बटणं दाबून व्हिडिओ पाठवायला लागली. माझे इतके भाऊबंद मुके बसलेत, हे मला तेव्हाच कळलं.

मग एकदा रस्ते विभागाचे इंजिनिअर साहेब बातम्यांत आले. नवे होते, या भागात येऊन फार दिवस झाले नव्हते. ते म्हणाले, “बटण उत्तम आहे. आजच्या पिढीला धीरच नाही. सगळं कसं चुटकीसरशी हवं.”

हे भिंगरीला चांगलंच झोंबलं. रागाच्या भरात तिनं खात्यावर लिहून टाकलं: ‘रविवारी सकाळी या. आपण सगळे मिळून धीर धरू. एकानं हात काढला की दुसऱ्यानं ठेवायचा. बटण क्षणभर रिकामं राहता कामा नये.’

“किती येतील?” लंबूनं विचारलं.

“हार्ट टाकणारे काय, अंथरुणात पडूनही टाकतात,” चष्मिस म्हणाली. “वर्गातले आले तरी पुष्कळ.”

मोबाईलवरची माणसं खरोखरची असतात आणि बोलावलं तर येतात, हे या हुशार पोरांच्या लक्षातच आलं नव्हतं. रविवारी ही झुंबड उडाली. आधी नीट रांग होती. लंबू गळ्यात मोबाईल अडकवून लाईव्ह दाखवत होता. मग मागच्यांना पुढचं दिसेना, पुढच्यांना मागे जाता येईना. लोक दाबताहेत, हसताहेत, टाळ्या वाजवताहेत. माझा जीव मेटाकुटीला आला. शेवटी एका दणकट गृहस्थांनी ‘असं दाबतात!’ म्हणून माझ्यावर जी मूठ आपटली, तिनं स्क्रूच उखडले.

पाठीमागे वायर असती तर तिला धरून लोंबकळलो तरी असतो. धरायला काहीच नव्हतं. मी थेट फरशीवर आपटलो.

मग लांबून वाहतूक पोलिसाची शिट्टी वाजली आणि गर्दी जी पांगली, ती बघता बघता रस्ता मोकळा. लंबूनं मला उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवीत कोंबून धूम ठोकली.

चष्मिसच्या खोलीत, अभ्यासाच्या टेबलावर, चहाच्या कपांमध्ये मला ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा डोक्यावर पंखा होता, पण मजा घेण्याची वेळ नव्हती. तिघांचेही चेहरे पांढरेफटक पडले होते. रस्ते विभागानं जाहीर केलं होतं, ‘चालू स्थितीतलं सार्वजनिक बटण समाजमाध्यमांवरच्या टोळक्यानं फोडलं. पोलिसांत तक्रार देण्यात येईल.’ आणि कालपर्यंत ‘वाहवा’ म्हणणारे लोक आता त्यांना फाडून खात होते. ‘हीच का तुमची समाजसेवा?’ ‘आधी आपलं घर तोडा.’ भिंगरी एकेक वाचत होती आणि तिचे डोळे भरत होते.

“नदीत टाकून देऊ,” लंबू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. “बटणच नाही तर पुरावा नाही.”

मी गार पडलो. मला पोहता येत नाही.

तेवढ्यात भिंगरीच्या बाबांचा फोन आला. तिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

“तोडलंत ना?”

“मुद्दाम नाही, बाबा.”

“मुद्दाम नाही तर घाबरतेस कशाला? तोडलं म्हणून सांगून टाक. मी बसला ओरखडा पडला तरी डेपोत सांगायचो. आज ओरखडा लपवला, की उद्या बिघडलेला ब्रेक लपवावासा वाटतो.”

भिंगरीनं डोळे पुसले. चष्मिसनं खिडकी उघडून उजेड केला. त्या खात्यावर पहिल्यांदाच कुणाचा तरी चेहरा दिसला. भिंगरी म्हणाली, “आम्ही गर्दी बोलावली आणि आम्हाला ती आवरली नाही. आमच्या हातून बटण तुटलं. चूक आमची आहे. जे होईल ते भोगू. बटण आमच्याकडे आहे, उद्या परत करतो.” बस्स, एवढंच. ना रडगाणं, ना सबब. मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला.

शिव्या एकदम थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या. आणि मग खाली कुणीतरी लिहिलं, ‘ताई, माफी ठीक आहे. पण खांबाच्या भोकात वायर कुठे होती? आम्हाला तर फक्त एक कोळी दिसला.’

“कुठं दिसला?” लंबूनं विचारलं. “लाईव्ह तर मी बंद केला होता.”

चष्मिसनं पाहिलं. त्यानं काही बंदबिंद केलं नव्हतं. मला उचलायला वाकला तेव्हा त्याच्या गळ्यातला मोबाईल बरोबर खांबासमोर होता. शिट्टी, पळापळ, आणि पडद्याच्या मधोमध ते रिकामं भोक. आत एक कोळी निवांत जाळं विणत बसलेला. एवढ्या आरडाओरड्यातही त्यानं काम थांबवलं नव्हतं.

चष्मिसनं मला उचललं आणि उलटं केलं. चष्मा वर सरकवून ती माझ्या पाठीकडे बघत राहिली.

“या दोन स्क्रूंना वायर लागते. यांच्यावर कारखान्याचा रंग आहे तसाच आहे. म्हणजे हे कधी सोडवलेलेच नाहीत.” तिनं मला भिंगरीपुढे धरलं. “भिंगरे, याला जन्मात वायर लागलेली नाही.”

इतकी वर्षं हजारो लोकांनी मला समोरून पाहिलं होतं. पाठ पाहिली ती या पोरीनं. मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो. तिघांनी असा आरडाओरडा केला, की चष्मिसची आई लाटणं घेऊन धावत आली.

लंबूला साहेबांची यथेच्छ टर उडवायची होती. भिंगरीनं मोडता घातला. “मघाशी आपली जी अवस्था झाली, तीच त्यांची करायची? नुसतं बटण दाखवू.” त्यांनी माझं तोंड दाखवलं, मग पाठ, मग खांबातलं भोक. खाली लिहिलं, ‘धीर होता. वायर नव्हती.’

यानं कहरच केला. रिक्षावाल्यांपासून कॉलेजच्या प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी तो व्हिडिओ एकमेकांना पाठवला. शिव्या देणारेही माफी मागून गेले. पुढच्या दिवसांत गावोगावची पोरं आपल्या बटणांमागे वायर आहे का, असं आपापल्या कचेरीत जाऊन विचारायला लागली. ‘तोडू नका, विचारा,’ असं चष्मिस प्रत्येकाला लिहून कळवायची. हात पोळलेला होता ना!

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन रस्ते विभागात गेले. तिघं आणि भिंगरीचे बाबा. बाहेर व्हरांड्यात माणसं दाटली होती, पण या वेळी लंबूनं त्यांना दोन-दोनच्या रांगेत उभं केलं होतं. भिंगरीनं मला साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

“हे तुमचं बटण. तोडल्याबद्दल माफ करा.”

साहेब तयारीत होते. “तुम्हाला कल्पना आहे का, चालू यंत्रणेची नासधूस म्हणजे…”

“साहेब,” बाबा मधेच म्हणाले, “मी या रस्त्यावर बस चालवली. तो पिवळा दिवा लुकलुकायचा आणि माणसं कडेला उभी असायची. मी एकदाही थांबलो नाही. दिव्यानं मला कधी थांबवलंच नाही. आता मी कडेला उभा असतो. एकदा उलटं करून बघा फक्त.”

साहेबांनी मला उलटं केलं. नखानं स्क्रूवरचा रंग खरवडला. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या हाती आलेल्या कागदांत मी ठणठणीत होतो आणि त्यांनी कागदांवर विश्वास ठेवला होता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे माझ्या आधीचं आहे,” ते हळू आवाजात म्हणाले.

“असेल. पण आत्ता तुम्ही आहात,” भिंगरी म्हणाली.

साहेबांनी सुस्कारा टाकला. “ठीक आहे. उद्या वायर…”

“उद्या नको!” मी ओरडलो. म्हणजे ओरडलो असतो. माझ्याऐवजी चौघं एकदम ओरडले आणि व्हरांड्यातूनही तोच आवाज आला. साहेब दचकले, मग त्यांनाच हसू फुटलं. त्यांनी पोलिसांत द्यायची तक्रार बाजूला सारली, फोन उचलला आणि वायरचं बंडल घेऊन गाडी काढायला सांगितली.

“नवीन बटण बसवू का?” बंडल घेऊन आलेल्या फिटरनं विचारलं.

“हेच बसवा,” चष्मिस म्हणाली. “याचं काहीच बिघडलेलं नाही.”

खांबाशी पोचलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती. फिटरनं कोळ्याला हळूच बाहेर काढून झाडावर सोडलं, वायर ओढली, माझे स्क्रू सोडवले, तारा अडकवल्या, पुन्हा आवळलं. आणि मग माझ्या अंगातून जे काही सळसळत गेलं, ते काय सांगू! कारखान्यातल्या त्या दिव्यानंतर पहिल्यांदा मी जिवंत होतो.

बाबा पुढे झाले. हात वर आला. मला दाबलं. आणि दिवा लाल झाला! टेंपो थांबले, मोटारी थांबल्या, स्कूटरवाले कुरकुरत थांबले. आधी कुणाचा विश्वासच बसेना. मग असा जल्लोष झाला, की झाडावरचे कावळे उडाले. लंबू नाचत होता. भिंगरी बापाचा दंड धरून हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम.

गंमत म्हणजे बाबा रस्त्याच्या अर्ध्यात पोचतात तोच गाड्यांचा दिवा हिरवा झाला! वेळ कमी पडली. पण सगळ्यात पुढे बस होती, आणि बसच्या ड्रायव्हरनं आपल्या जुन्या सोबत्याला ओळखलं होतं. त्यानं बस आडवी घालून सगळा रस्ता रोखला आणि खिडकीतून ओरडला, “जा तुम्ही निवांत! बघतो कोण पुढे सरकतं ते!” साहेब पळतच पेटीकडे गेले, आणि माणूस काठी टेकत पलीकडे जाईल एवढा वेळ तिथल्या तिथे वाढवला.

त्या दिवसाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यानंतरचं एक मात्र कुणीच टिपलं नाही, म्हणून ते सांगतो.

साधा कामाचा दिवस होता. बस थांबली आणि बाबा एकटेच उतरले. भिंगरी प्रॅक्टिकलला होती, एकही न चुकवता जात होती. ते सावकाश माझ्यापाशी आले, डाव्या हातातली काठी नीट रोवली आणि उजवा हात उचलला. या वेळी मूठ नव्हती. एक बोट सरळ झालं होतं. थरथरत होतं, पण सरळ होतं. त्या बोटानं त्यांनी मला दाबलं. दिवा लाल झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी मोबाईल काढला नाही. चारचौघांसारखा एक माणूस चारचौघांसारखा रस्ता ओलांडून गेला. पलीकडे पोचल्यावर ते थांबले, आपल्या उजव्या हाताकडे बघून एकटेच मोठ्यानं हसले आणि केंद्राच्या दारातून आत गेले.

पोरांचं आता माझ्याकडे फारसं येणं नाही. आजकाल ती ग्रंथालयाच्या बंद पडलेल्या लिफ्टमागे लागली आहेत. मी अजिबात रुसलेलो नाही. ज्याचं काम झालं, त्याच्यापाशी घुटमळत बसायचं कशाला? तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. तुमच्या हातात मोबाईल आहे आणि रोजच्या वाटेवर काहीतरी बंद पडलेलं आहे. त्याचा व्हिडिओ काढा, सगळ्यांना दाखवा, विचारा, चुकलात तर चुकलो म्हणा, पण मागे हटू नका. आणि त्या वस्तूची पाठ बघायला विसरू नका.

बरं, आता मला सोडा. बाळाची गाडी ढकलत एक बाई आल्यात. दोन्ही हात गुंतलेत, म्हणून कोपरानं दाबताहेत. तिकडून बस भरधाव येतेय. थांबवतो तिला.